फियाटचे बिऱ्हाड

आमच्या फियाटच्या मीटरवर ६१,४१२ हा आकडा २००७ सालच्या दिवाळीपासून ठाण मांडून बसला होता. मधल्या काळात ती सोसायटीतून मुळशीला, मुळशीहून सदाशिव पेठेत, पेठेतून हडपसरला आणि तिथून पुन्हा सोसायटीत आली. पण हा सारा प्रवास क्रेनला लटकून किंवा टेम्पोत बसून झालेला असल्यामुळे मीटरने त्याची दखल घेतली नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणतात. आमच्या गाडीचे बिऱ्हाड सतरा पोती, नऊ बरण्या आणि एक जुनी ट्रंक यांत असते, आणि गाडी स्वतः दुसऱ्याच्या पाठीवर असते.

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. तिच्या आधीच्या, पन्नासच्या दशकातल्या फियाटला तिच्या नाकाडामुळे लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि १९७४ पासून हीच डिलाइट ‘पद्मिनी’ या नावाने नांदू लागली. डुक्कर आणि पद्मिनी यांच्या मध्ये कुठेतरी आमची गाडी बसते. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि आण्णांनी ती इतकी पाहिली की नंबर लागल्याचे पत्र आले तेव्हा ते कशासंबंधी आहे हे आधी त्यांच्या ध्यानातच येईना. माणसाला ताटकळत ठेवण्याचा गुण या गाडीत जन्मजात असल्याचे मी तेव्हाच ओळखायला हवे होते. पण मी त्या वेळी सहा वर्षांचा होतो आणि स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर ओढून पाहण्यात गुंग होतो.

आण्णा गेल्यावर गाडी बरीच वर्षे पार्किंगमध्ये कव्हराखाली उभी राहिली. २००७ च्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, चिवड्याचा बकाणा भरलेला असतानाच, मी घरात जाहीर केले की येत्या सहा महिन्यांत गाडी मूळ रूपात रस्त्यावर आणतो. ‘‘कोणत्या वर्षातले सहा महिने?’’ असे सौभाग्यवतींनी विचारले. तो प्रश्न मी त्या दिवशी विनोद समजून हसण्यावारी नेला.

जुन्या गाडीच्या दुरुस्तीत सर्वांत महाग वस्तू म्हणजे जागा, हे मला कोणीही सांगितले नव्हते. जोडलेली फियाट सुमारे ३.९ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असते, म्हणजे ती एका पार्किंगमध्ये ऐसपैस मावते. तीच सुटी केली की तिला तीन खोल्यांचे घर पुरत नाही. पुढची काच दिवाणाखाली गेली, मागचे सीट गच्चीच्या जिन्यात गेले, रेडिएटर माळ्यावर गेला आणि पुढचा बंपर आमच्या पलंगामागे भिंतीला टेकून उभा राहिला. नट-बोल्ट मी आईच्या लोणच्याच्या बरण्यांत भरले आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली: ‘डावे पुढचे मडगार्ड’, ‘उजवे मागचे दार’, ‘कळत नाही’. वर्ष सरता सरता या शेवटच्या प्रकारच्या बरण्या चार झाल्या. यापुढे या बरण्यांत कैरी घातली तर लोणच्याऐवजी लोहभस्म तयार होईल, असे आईने शांतपणे सांगितले आणि त्या वर्षीपासून लोणचे विकत आणायला सुरुवात केली. दसऱ्याला वाहनाची पूजा करायची तर अखंड वाहन घरात नव्हते. म्हणून तिने स्टिअरिंग चौरंगावर ठेवून त्यालाच झेंडूची माळ घातली. तेव्हापासून त्या दिवशी घरात जो भाग हाताशी असेल तेच आमचे वाहन, असा प्रघात पडला. एका वर्षी कार्ब्युरेटर होता आणि पाहुण्यांनी त्याला शिवलिंग समजून नमस्कार केला.

इकडे पार्किंगमध्ये चार विटांच्या थरांवर उभा असलेला सांगाडा सोसायटीच्या डोळ्यांत खुपू लागला. सूचनाफलकावर एके दिवशी कागद लागला: ‘पार्किंगमधील वाहनसदृश वस्तू संबंधितांनी आठ दिवसांत हलवावी.’ इतकी अचूक शब्दयोजना मी आमच्या सोसायटीच्या कोणत्याही कागदावर त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिली नाही.

मेहुण्यांची पौडच्या पुढे थोडी जमीन होती आणि तिच्यावर पत्र्याची शेड होती. ‘‘दाजी, जागा तुमचीच समजा,’’ असे ते म्हणाले. क्रेनवाले काका आले, त्यांनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, बंपर नसलेल्या गाडीला हुक नेमका कुठे लावावा याचा बराच विचार केला आणि ही गाडी पुढे जाणारी आहे की मोडीत जाणारी, असे मला हळूच विचारले. मी दुखावलो, पण त्यांना हिशेबासाठी ते माहीत असणे आवश्यक होते, कारण दोन्हींचे दर वेगळे होते.

इंजिनाचा ब्लॉक मी त्याच सुमारास नाना पेठेतल्या एका लेथवर बोअर करून घेतला होता. या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर असतो. तो झिजून लंबगोल झाला की एक साइज वाढवून गोल कापतात आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालतात. आतून आरशासारखा चकाकणारा तो ब्लॉक मी शेडमध्ये नेला, त्याच्याकडे अर्धा तास प्रेमाने पाहिले आणि वर स्वच्छ चादर पांघरून परत आलो. कापलेल्या बिडाला तेलाचा जाड थर फासून ठेवावे लागते, हे मला ठाऊक होते, पण तेलाचा डबा गाडीतच, म्हणजे मेहुण्यांच्या चालत्या गाडीत, राहून पुण्याला परत गेला. त्यात जून महिना होता. मुळशीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. तिथे जुलैत भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरला बुरशी येते. पंधरा दिवसांनी चादर उचलली तेव्हा चारही सिलिंडर वीटकरी रंगाचे झाले होते. ब्लॉक पुन्हा नाना पेठेत, पुन्हा एक साइज वर, पुन्हा नवे पिस्टन. मूळ १०८९ सीसीची ही गाडी दर पावसाळ्यात थोडी थोडी वाढू लागली होती, आणि अजून काही वर्षे तिथे काढली असती तर ट्रकचे इंजिन तयार झाले असते, असे लेथवाले मिस्त्री म्हणाले. त्यांनी ते गंभीरपणे म्हटले.

शेडमध्ये गाडीचा उपयोग मात्र पुरेपूर होत होता. राखणदाराच्या कोंबड्यांनी मागच्या सीटच्या जागी अंडी घालायला सुरुवात केली होती आणि पुढच्या भागात कडब्याची साठवण होती. मेहुण्यांनी २०१३ मध्ये ती जमीन विकली, तेव्हा नव्या मालकाने कोंबड्यांबद्दल चौकशी केली, गाडीबद्दल केली नाही.

तिसरे बिऱ्हाड सदाशिव पेठेत, मामांच्या वाड्याच्या चौकात. वाड्याचा दरवाजा १५२ सेंटिमीटर रुंद आणि गाडीची रुंदी साधारण १४६, त्यामुळे दारे व मडगार्ड काढलेला सांगाडा दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर राखून आत गेला आणि समस्त भाडेकरूंनी टाळ्या वाजवल्या. इथे पत्रेकाम सुरू झाले. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा असतो आणि दारांखालची लांब पेटी हा तिचा कणा असतो. ती पेटी दोन्ही बाजूंनी गंजून पापडासारखी झालेली होती. वेल्डरने ती कापून नवी बसवली, काम सुबक झाले, आणि मग आम्ही दारे लावायला घेतली. एकही दार बंद होईना. दारे काढलेली असताना आणि आतून लोखंडी आडवे टेकू दिलेले नसताना कणा कापला की शरीर मध्ये बसते, हे ज्ञान आम्हा दोघांना एकाच क्षणी झाले. वेल्डर म्हणाला, ‘‘साहेब, दारं बरोबर आहेत, गाडी चुकली आहे.’’

पेटी पुन्हा कापली गेली. या खेपेस टेकू इतके दिले की गाडीत माणसाला वाकून शिरणे अशक्य झाले.

वाड्याचा एक मोठा लाभ असा होता की नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने आणि बुधवार-रविवारी भरणारा जुना बाजार सायकलच्या अंतरावर होते. त्याच सुमारास मुंबईत वीस वर्षांवरच्या टॅक्सी मोडीत निघत होत्या, म्हणून मी कुर्ल्याला जाऊन एका पद्मिनी टॅक्सीचे मागचे डावे दार मिळवले, कारण आमचे मूळ दार दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते. ते काळे दार मी एस. टी.ने पुण्याला आणले. कंडक्टरने त्याच्याकडे पाहून सामानाचे तिकीट फाडले आणि ते बसच्या दाराशीच टेकवून ठेवायला लावले. पनवेलला एक वृद्ध गृहस्थ बसमध्ये चढले, सवयीने माझ्या दाराचे हँडल ओढून त्यांनी ते उघडले, आणि आत बस नाही हे पाहून अत्यंत खिन्न झाले.

२०१८ मध्ये वाडा बिल्डरकडे गेला. तोवर गाडीला चारही दारे लागलेली होती आणि ती कष्टाने का होईना बंद होत होती. पण दारांची हँडले बाहेर आलेली असल्यामुळे १५२ सेंटिमीटरच्या दरवाजातून गाडी जाईना. ज्या दारांसाठी वाड्यात पाच वर्षे काढली ती काढूनच बाहेर पडावे लागले. क्रेनवाले काका या वेळी प्रदक्षिणा न घालता सरळ मागच्या बाजूला गेले. ‘‘दारं पोत्यात की वेगळी?’’ एवढेच त्यांनी विचारले.

हडपसरच्या शेडबद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण तिथे फक्त रंग द्यायचा होता. पावसाळ्यात ड्युको मारला तर हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून पेंटरने एप्रिलचा मुहूर्त काढला. शेजारी मिरची कांडप यंत्र होते आणि एप्रिल हा वर्षभराचे तिखट करून ठेवण्याचा महिना असतो, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. आकाशी रंगाचा शेवटचा हात ओला असताना पलीकडे ब्याडगीची दोन पोती यंत्रात पडली. पेंटर सलग अकरा वेळा शिंकला. रंग वाळल्यावर गाडीवर उन्हात एक मंद लालसर झाक दिसू लागली, जी कोणत्याही कंपनीच्या रंगतक्त्यात नाही. तो रंग मी घासून काढला. पण अजूनही पावसात गाडी भिजली की जवळ उभ्या असलेल्या माणसाला ठसका लागतो, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे.

या सगळ्या धावपळीत गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. आम्ही काम सुरू केले तेव्हा ती नुसती जुनी होती; काम चालू असतानाच ती कायद्याने व्हिंटेज झाली. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नियम काढले, की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या वाहनाला वीस हजार रुपये भरून दहा वर्षांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी घेता येईल. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल-दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. हे वाचून मला भरून आले. आमची गाडी गेली चौदा वर्षे केवळ दुरुस्तीसाठीच रस्त्यावर येत होती. दिल्लीतल्या कोणीतरी तिची ही जीवनपद्धती समजून घेऊन तिला राजमान्यता दिली होती.

२०२२ मध्ये हडपसरची शेडही सुटली आणि गाडी चारही चाकांवर, आहे त्याच पार्किंगमध्ये परत आली. सोसायटीने या वेळी हरकत घेतली नाही, कारण जुने सेक्रेटरी निवृत्त झाले होते आणि नव्यांना ती सजावट वाटली. तीन वर्षे मी रविवार सत्कारणी लावले. ब्रेकची सिलिंडरे बदलली, वायरिंग केले, आतले सीट शिवून घेतले, आणि गेल्या दसऱ्याला, अठरा वर्षांत प्रथमच, आईने चौरंग न मांडता खाली उतरून सबंध गाडीला माळ घातली. माळ आखूड पडली. इतकी मोठी माळ करण्याची तिची सवय मोडली होती.

दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या पुनर्विकासाचा ठराव मंजूर झाला आणि फलकावर सूचना लागली, की सर्व सभासदांनी पार्किंग महिन्याअखेर रिकामे करावे. घरात सगळे माझ्याकडे पाहू लागले. ‘‘अहो, काकांना फोन करू का?’’ असे सौभाग्यवतींनी विचारले. मी नकार दिला आणि सांगितले, की या वेळी आपण गाडी चालवत नेणार आहोत. मामांच्या नव्या इमारतीत पार्किंग होते, अंतर होते पाच किलोमीटर.

गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. फाटकातून बाहेर पडताना वॉचमनने सलाम ठोकला, मी गिअर ओढला, आणि चौकाच्या अलीकडे माझ्या डोळ्यांदेखत मीटरमधला शेवटचा आकडा डुगडुगला, किंचित वर सरकला आणि ६१,४१३ झाला. मी तो सौभाग्यवतींना दाखवत असतानाच इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. टाकीच्या तळाशी साचलेला अठरा वर्षांचा गंज पेट्रोलबरोबर कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या सुईएवढ्या भोकापर्यंत, पोहोचला होता. सगळे भाग मी उघडून साफ केले होते, फक्त टाकी नाही, कारण ती एवढा काळ कधीच त्रास न देणारी एकमेव वस्तू होती.

अर्ध्या तासाने क्रेन आली. काकांऐवजी त्यांचा मुलगा उतरला. त्याने गाडीकडे पाहिले, काहीही न विचारता क्रेन वळवून मागच्या बाजूला घेतली आणि हुक लावता लावता म्हणाला, ‘‘बाबांनी सांगून ठेवलंय, मागूनच उचल; पुढच्या बंपरचे बोल्ट अजून ‘कळत नाही’च्या बरणीत असतील.’’