वर्डप्रेसच्या सातबाऱ्यावर पहिलं नाव कुणाचं?

वेबसाइट आणि ब्लॉग उभारायचं सॉफ्टवेअर म्हणजे वर्डप्रेस. त्याची एक गोष्ट व्हॉट्सॲप गटांत आणि लिंक्डइनवर वर्षानुवर्षं फिरते आहे. तपशील थोडेफार बदलतात, गाभा तोच. अमेरिकेतल्या १९ वर्षांच्या एका मुलाने कॉलेज सोडलं, खोलीत एकट्याने बसून शून्यातून वर्डप्रेस लिहिलं, ते फुकट होतं म्हणून जगभर पसरलं, आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्या मालकीच्या सॉफ्टवेअरवर चालतात. शेवटी ‘तुम्ही कसली वाट बघताय?’ हे ठरलेलं.

यातलं वय बरोबर आहे. गोष्टीतला मुलगा म्हणजे मॅट मलेनवेग. त्यांचा जन्म जानेवारी १९८४चा आणि घडामोडी सुरू होतात त्या जानेवारी २००३मध्ये. टक्केवारीही ठीक आहे. कोणती वेबसाइट कशावर चालते हे मोजणाऱ्या डब्ल्यूथ्रीटेक्सच्या मोजणीत हा आकडा गेली काही वर्षं चाळिशीच्या वर आहे. बाकीचं एकेक बघू.

“शून्यातून लिहिलं”

वर्डप्रेसच्या आधी बी२ हे ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर होतं. पूर्ण नाव बी२/कॅफेलॉग. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००१मध्ये बाहेर आणलं. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, मजकूर मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये ठेवणारं, आणि वाचणाऱ्याने पान मागितलं की त्या क्षणी ते तयार करून देणारं. आज वर्डप्रेसचा जो मूळ सांगाडा आपण ओळखतो तो हाच.

२००२च्या अखेरीस वाल्द्रिगी गप्प झाले. नवी आवृत्ती नाही, उत्तर नाही. बी२ वापरणारे लोक लटकले आणि त्यांतलेच एक मलेनवेग. २४ जानेवारी २००३ला त्यांनी ही अडचण लिहून काढली. आपलं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही, करणारा बेपत्ता आहे, मग जायचं कुठे? टेक्स्टपॅटर्न हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर त्यांना आवडत होतं, पण त्याचा परवाना पटत नव्हता. बी२ मात्र जीपीएल परवान्याखाली होतं. म्हणजे ते कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे न्यावं. अट एकच, वाटायचं झालं तर त्याच मोकळिकीने वाटायचं. त्यामुळे वाल्द्रिगींना न विचारताही त्यांचं काम पुढे चालवता येणार होतं.

पुरावा शोधायला लांब जायला नको. आजचं ताजं वर्डप्रेस उतरवून घ्या आणि त्यातली परवान्याची फाईल उघडा. जीपीएलच्या लांबलचक मजकुराआधीच नोंद आहे की यात बी२ हे काम समाविष्ट आहे, आणि त्याचा हक्क २००१ व २००२ या वर्षांसाठी मिशेल वाल्द्रिगी यांचा. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव राहावं तसं ते तिथे आहे. फिरणाऱ्या मजकुरात मात्र ते कधीच नसतं.

आणखी एक गंमत. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ला आली आणि तिचा क्रमांक होता ०.७. ज्याचा आरंभ शून्यातून होतो ते ०.७ वर कसं उगवतं? बी२ ०.६ वर थांबलं होतं म्हणून! सुरुवातीच्या त्या वर्डप्रेसमधल्या कितीतरी फायलींची नावंसुद्धा ‘बी२’नेच सुरू होत होती.

“एकट्याने”

मलेनवेग ह्यूस्टनमध्ये होते. त्यांनी लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटल यांचा प्रतिसाद आला: खरंच बी२ पुढे नेणार असाल तर मी हातभार लावायला तयार आहे. लिटल नवखे नव्हते. बी२साठी त्यांनी आधीच काम केलं होतं. दुव्यांची यादी सांभाळणारी त्यांची बी२लिंक्स ही जोडणी नंतर वर्डप्रेसचाच भाग झाली. म्हणून वर्डप्रेसचे संस्थापक दोन, आणि मलेनवेग स्वतःही तसंच सांगत आले आहेत. गोष्ट रंगवणाऱ्यांना दोन चेहरे जड जातात, एवढंच.

‘वर्डप्रेस’ हे नावही मलेनवेग यांचं नाही. ते त्यांच्या मैत्रीण क्रिस्टिन सेलेक ट्रेमूले यांनी सुचवलं. शिवाय बी२ची धुरा उचलणारे हे दोघेच नव्हते. फ्रान्स्वा प्लांक यांनी बी२इव्होल्यूशन काढलं. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डोनका ओ कीव यांनी एकाच ठिकाणाहून अनेक साइट चालवता येतील असं बी२++ केलं. वाल्द्रिगी परतले आणि त्यांनी वर्डप्रेसला बी२ची अधिकृत वारस शाखा म्हणून मान्यता दिली. ओ कीव यांचं कामही वर्डप्रेसच्या प्रवाहात येऊन मिळालं. त्याचं झालं वर्डप्रेस एमयू, ज्यावर वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार ब्लॉग देणारी सेवा उभी राहिली, आणि २०१०च्या ३.० आवृत्तीत ते मुख्य वर्डप्रेसमध्येच विलीन झालं.

“कॉलेज सोडून”

क्रम उलटा आहे. वर्डप्रेस आलं तेव्हा मलेनवेग ह्यूस्टन विद्यापीठात शिकत होते. शिक्षण सोडलं ते २००४मध्ये, तेही सीनेट या कंपनीतल्या नोकरीसाठी. ऑटोमॅटिक ही त्यांची कंपनी त्यानंतरची, २००५ची. नोकरी मिळाली म्हणून कॉलेज सोडलं, ही गोष्ट फॉरवर्ड करण्याइतकी चटकदार नाही, हे मान्य.

“फुकट होतं म्हणून पसरलं”

हा समज सगळ्यात घट्ट बसलेला आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. त्या काळात आघाडीवर होतं मूव्हेबल टाइप, सिक्स अपार्ट या कंपनीचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर. घरगुती वापरासाठी तेही फुकटच मिळायचं. मग लोक हलले का?

मे २००४मध्ये मूव्हेबल टाइप ३.० आलं आणि सोबत नवे नियम आले. फुकट आवृत्तीत लेखक एक आणि साइट तीन, त्यापुढे पैसे. कंपनीला तसा पूर्ण हक्क होता आणि पगार द्यायचे तर पैसे लागतातच. पण ज्यांनी आपलं वर्षानुवर्षांचं लिखाण त्यावर रचलं होतं त्यांना एकदम कळलं की फुकट मिळणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. मार्क पिलग्रिम या नावाजलेल्या प्रोग्रामरने हिशेब केला: नव्या दराने त्यांना ५३५ डॉलर पडणार होते. त्यांनी ती रक्कम वर्डप्रेसच्या विकासकांना देणगी म्हणून दिली आणि वर्डप्रेस वापरायला घेतलं. ज्यांना सगळं फुकटच हवं असतं ते असं करत नाहीत.

त्याच महिन्यात वर्डप्रेस १.२ आलं. रायन बोरेन यांनी त्यात प्लगिनची सोय आणली होती, म्हणजे मूळ फायलींना हात न लावता नवी सोय जोडता येऊ लागली. भाषांतराची व्यवस्थाही याच आवृत्तीतली. मराठीभाषक स्वयंसेवक पुढे वर्डप्रेस मराठीत आणू शकले ते त्या पायावर. फेब्रुवारी २००५च्या १.५ने थीम, म्हणजे साइटचं रूप बदलणारे तयार साचे, आणले. स्वस्तातल्या कुठल्याही होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, पीएचपी आणि मायएसक्यूएल असायचंच, त्यामुळे साइट उभारायला सर्व्हरचा जाणकार शोधावा लागेना. मूव्हेबल टाइप पर्ल या दुसऱ्या भाषेत होतं आणि जरासा बदल केला तरी पानं पुन्हा बांधत बसायचं. साइट मोठी असेल तर चहा पिऊन यावं.

मोकळा परवाना हीच एक जादू होती, असंही नाही. मूव्हेबल टाइपने डिसेंबर २००७मध्ये जीपीएलखाली आवृत्ती काढली. तोवर प्लगिन लिहिणारे, थीम विकणारे, शिकवणारे सगळे दुसरीकडे जमले होते.

“त्याच्या मालकीच्या सॉफ्टवेअरवर”

वर्डप्रेसचा कोड एका कुणाचा नाही. हातभार लावणारा प्रत्येक जण आपापल्या ओळींचा हक्क स्वतःकडे ठेवतो आणि त्या जीपीएलखाली देतो. त्यामुळे मलेनवेग यांनी उद्या ठरवलं तरी ते हे सॉफ्टवेअर बंदिस्त करू शकत नाहीत. वाल्द्रिगींपासून हजारो जणांची संमती लागेल. नावाचा ट्रेडमार्क ऑटोमॅटिकने २०१०मध्ये वर्डप्रेस फाउंडेशनकडे दिला. तुमची साइट, तुमचा मजकूर तुमचाच.

पण म्हणून सगळं आलबेल आहे असंही म्हणवत नाही. कोड सगळ्यांचा असला तरी ज्या वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून जगभरच्या साइटना अद्ययावत आवृत्त्या आणि प्लगिन मिळतात, ते खुद्द मलेनवेग यांच्या ताब्यात आहे. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांचं डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी वाजलं, तेव्हा त्यांनी तिचा तिथला प्रवेशच बंद केला. झळ बसली ती त्या कंपनीच्या ग्राहकांना. ऑक्टोबरमध्ये तिचं एक लोकप्रिय प्लगिन तिथल्या तिथे ताब्यात घेऊन दुसऱ्या नावाने चालवलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबरमध्ये प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश निघाला. म्हणजे जो दावा कोडबद्दल खोटा आहे, तो वितरणाच्या वाटेबद्दल बराचसा खरा आहे. त्या मजकुराने याविषयी काळजी व्यक्त केली असती तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

त्यावर हालचालही झाली. जून २०२५मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ नावाचा प्रकल्प जाहीर झाला: प्लगिन आणि आवृत्त्या एकाच दारातून न येता अनेक स्वतंत्र ठिकाणांहून मिळाव्यात यासाठी. तो सुरू करणाऱ्यांत वर्डप्रेसवर वर्षानुवर्षं राबलेले लोक आहेत, आणि त्यासाठी त्यांना मलेनवेग यांची परवानगी लागली नाही.