'वेल्डिंगचा जोड पाहिलाय का?' या प्रतिक्रियेला उत्तर

जर्मन लाइट क्रूझरवरच्या (हलक्या, वेगवान युद्धनौकांवरच्या) माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: क्योनिग्सबर्ग, कार्ल्सरुहे, क्योल्न ही जहाजं कचकड्याची होती, १९३६ साली पॅसिफिकच्या वादळाने कार्ल्सरुहे खिळखिळी केली, मागे तोफांचे दोन टरेट (फिरते बुरूज) म्हणजे पळ काढायची सोय, लाइपझिग या क्रूझरचं साल चुकलंय, आणि मी सगळं खापर पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहावर फोडतो. इथवर ठीक. पण शेवटचं वाक्य? "लेखकाने वेल्डिंगचा जोड उभ्या आयुष्यात जवळून पाहिलेला दिसत नाही."

हे वाक्य मी सोडणार नाही.

सव्वीस वर्षं मी मुंबईत जहाजदुरुस्तीत काढली, त्यातली पहिली नऊ हातात वेल्डिंगचा होल्डर धरून. मनगटावर ठिणग्यांचे डाग आजही आहेत. पत्रा तापला की ओढतो. एका टोकाकडून सलग जोड मारत गेलात तर सरळ पत्रा पापडासारखा वाकतो. म्हणून आधी टाके मारायचे, मग मधून दोन्हीकडे थोडं थोडं सरकायचं. आम्हाला हे उस्तादांनी हात धरून शिकवलं. ही जहाजं बांधणाऱ्या कील आणि विल्हेल्म्सहाफेनच्या जर्मन गोद्यांत १९२६ साली एवढी मोठी युद्धनौका वेल्डिंगने जोडायचा अनुभव कुणाच्या गाठीशी होता?

आणि त्यांनी ते हौसेने केलं नाही. तहाने घातलेली मर्यादा ६,००० टनांची. त्यात १५ सेंटिमीटर तोंडाच्या नऊ तोफा आणि ३२ नॉटचा वेग बसवायचा. रिव्हेट मारायचे तर पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, म्हणजे वजन आलंच. ते वाचवायला वेल्डिंग केलं. सांगाडा नाजूक झाला, हे मी लेखातच लिहिलंय. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नसावं.

टरेटचं म्हणाल, तर टेहळणीच्या जहाजाने बलाढ्य शत्रूपासून दूर जाताना मारा करायचा, एवढा साधा हेतू होता. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

लाइपझिगचं साल मात्र चुकलं, मान्य. १९३१ साली ती नौदलात दाखल झाली, जलावतरण १९२९ चं. दुरुस्ती केली आहे.

आता तुम्ही कोणत्या गोदीत जोड पाहिलेत, तेवढं लिहा. मी वाट पाहतोय.