हिरव्या काट्यांच्या माशाविषयी खुलासा

सोलापुरात मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशात सुईसारख्या लांब जबड्याच्या, हिरव्या काट्यांच्या माशाचे छायाचित्र देऊन, हे काटे रसायनामुळे हिरवे झाले आहेत आणि माणसाला भोसकणारा हा मासा आता उजनीत शिरला आहे, असे म्हटले आहे. यातील हिरव्या काट्यांचा अर्थ चुकीचा लावला आहे. किनाऱ्यावर ज्याला टोळ म्हणतात त्या माशाच्या हाडांत बिलिव्हर्डिन हे पित्तातले हिरवे रंगद्रव्य जन्मतःच असते. शिजवल्यावरही तो रंग जात नाही आणि खाणाऱ्याला त्यापासून अपाय होत नाही. समुद्रापासून इतक्या दूर, बर्फात येणारा मासा घेताना काट्यांच्या रंगापेक्षा वास आणि कल्ले पाहावेत, हे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते.

भोसकण्याची गोष्ट निराधार नाही. दीड मीटरपर्यंत वाढणारा हा शिकारी मासा रात्री दिव्याच्या उजेडाकडे पाण्याबाहेर झेपावतो, आणि 1977 मध्ये हवाई बेटांवर, वडिलांबरोबर रात्री मासेमारीला गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा अशाच झेपेत, जबडा डोळ्यातून मेंदूत घुसून मृत्यू झाला होता. परंतु तो उथळ, उष्ण समुद्रात राहणारा मासा आहे. भीमेसारख्या नद्यांत आणि जलाशयांत आढळणारा लांब चोचीचा मासा त्याच कुळातला असला तरी वेगळ्या जातीचा, गोड्या पाण्यातला आणि साधारण हातभर लांबीचा असतो. त्याच्या नावावर समुद्रातला अपघात खपवून उजनीच्या मासेमारांचा माल बदनाम करणे अन्यायाचे आहे.