मंडळीचे साल आणि इमारतीचे साल वेगळे धरा

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) मिशन प्रार्थनामंदिरावरच्या एका लेखात त्याचं वय मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, स्थापन झाली त्या सालावरून काढलंय. इथेच घोळ होतो. अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन धर्मप्रचारकांच्या संस्थेचं काम नगरला १८३१च्या अखेरीस सुरू झालं, मंडळी १८३३ची. पण मंडळी आधी जमते, भिंती मागून उभ्या राहतात. खेड्यांत तर एकच खोली आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासनेची जागा असे, म्हणून जुन्या कागदांत ‘चर्च’ शोधून काही हाती लागत नाही. ‘शाळा’ म्हणूनही शोधा.

इमारतीसाठी आधी कोनशिला पाहा. चुन्याचे थर बसले असतील तर तारेचा ब्रश किंवा अॅसिड अजिबात नको, अक्षरं कायमची जातात. संध्याकाळी बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका आणि फोटो घ्या. सावल्यांमुळे झिजलेली अक्षरं उठून दिसतात. मग त्या सालाच्या आगेमागे ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे अंक चाळा. ते १८४२ साली नगरलाच सुरू झालं, आणि मंडळ्यांच्या बातम्या त्यात मिळतात.

मंडळीतली माणसं शोधायची तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आडनाव पुष्कळदा नसतंच. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव एवढ्यावर माणूस ओळखावा लागतो. दोन पिढ्यांची नावं जुळल्याशिवाय नातं पक्कं धरू नका. आणि कृपा करून फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, शाईसकट. वही पूर्ण उघडून दाबण्यापेक्षा अर्धी उघडून, पान क्रमांक दिसेल असे मोबाइलवर फोटो काढावेत.