स्केल फॅक्टर २ म्हणजे सगळं दुप्पट? नाही हो!

एक मेसेज फिरतोय, पालकांच्या ग्रुपवर पण आणि शिक्षकांच्या पण, मला तर चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की शाळेत स्केल फॅक्टरवर इतके तास घालवायची गरजच नाही, स्केल फॅक्टर म्हणजे आकृती किती पट मोठी केली तो आकडा, तो २ असेल तर सगळं दुप्पट, तिरकस गुणाकार (दोन गुणोत्तरं बरोबर मांडून समोरासमोरचे आकडे गुणायचे आणि राहिलेला आकडा काढायचा) आला की कुठलंही गणित सुटतं, आणि उरलेलं काम ॲप करतं. मी शाळेतल्या मुलांना गणित शिकवते आणि यातलं जवळपास प्रत्येक वाक्य मी मुलांच्या वहीत चूक म्हणून तपासलंय, म्हणून एकेक घेऊन लिहितेय.

सगळ्यात आधी ते "सगळं दुप्पट". ३ बाय ५ सेमीचा आयत घ्या, फॅक्टर २ लावा, झाला ६ बाय १०. परिमिती १६ ची ३२ झाली, बरोबर, दुप्पट. पण क्षेत्रफळ १५ चं ६० झालं, म्हणजे चौपट, आणि कोन? ते ९० अंशच राहिले, ते दुप्पट झाले असते तर आकृतीच उरली नसती! ठोकळा असेल तर घनफळ आठपट. फॅक्टर फक्त लांबीबद्दल बोलतो, क्षेत्रफळासाठी त्याचा वर्ग आणि घनफळासाठी घन, आणि हे वाक्य पाठ असूनही मुलं चुकतात कारण त्यांनी ते कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. झेरॉक्स मशीनवर ए४ चा ए३ करायला १४१% असतं ना, ते कधी विचारात घेतलंय का? ए३ मध्ये ए४ चे बरोब्बर दोन कागद बसतात, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट, पण लांबी-रुंदी फक्त १.४१ पट, २१० मिमीचे २९७ आणि २९७ चे ४२०. तिथे २००% दाबलं तर चित्र ४२० बाय ५९४ चं होईल, तो झाला ए२, म्हणजे चार ए४.

"किती पट मोठी केली" हेही अर्धवट आहे. फॅक्टर ०.७५ असू शकतो, १ पण असू शकतो. गुणलं की वाढतंच हा समज मुलांच्या डोक्यात आधीच घट्ट बसलेला असतो, त्यावर आपणच शिक्का मारायचा का? आणि परत यायचं असेल तर काय? १२ सेमीची रेघ २५% लहान केली की ९ झाली, आता २५% मोठी करा, ११.२५ येते, १२ नाही. परत यायला चार-तृतीयांशने गुणावं लागतं, कारण ०.७५ म्हणजे तीन-चतुर्थांश, तो उलटा करायचा.

आता तिरकस गुणाकार, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण खरी अडचण इथेच आहे. फ्रान्समधले गणितशिक्षणाचे अभ्यासक गी ब्रूसो यांनी मुलांना एक कोडं दिलं होतं: तुकडे जोडून चौरस बनतो, यातली ४ सेमीची बाजू ७ सेमी झाली पाहिजे, त्या हिशोबाने सगळे तुकडे मोठे करा. बहुतेक मुलं काय करतात, तर प्रत्येक बाजूत ३ मिळवतात. आणि मग तुकडे एकमेकांत बसत नाहीत! का बसत नाहीत ते बघा, समजा ४ आणि ६ च्या बाजू शेजारी ठेवल्या की समोरच्या १० च्या बाजूला लागतात. ३ मिळवले तर ७ आणि ९ मिळून १६, पण समोरची बाजू झाली १३. १.७५ ने गुणा, ७ आणि १०.५ मिळून १७.५, आणि १० ची पण १७.५, चपखल. म्हणजे गुणायचंच का, मिळवायचं का नाही, याचं उत्तर ते तुकडेच देतात. तिरकस गुणाकार हे उत्तर देत नाही, तो फक्त चौथा आकडा काढून देतो, तोही तुम्ही आकडे योग्य जागी मांडले असतील तर, आणि हे सूत्र पाठ असलेला मुलगा क्षेत्रफळाच्या गणितात १५ वरून सरळ ३० काढतो, तिरकस गुणाकार अगदी बरोबर करून. सूत्राला माझा विरोध नाही, फक्त लांबीचं साधं गणित असेल तर ते झटपट आहे, पण ते तुकड्यांनंतर यावं, आधी नको.

ॲपचा मुद्दा पटकन. फोटो कोपऱ्याऐवजी बाजूने ओढला की चेहरे पसरतात, कारण आडवा फॅक्टर वेगळा आणि उभा वेगळा झाला, आकृती समरूप राहिली नाही, हे ॲप थांबून सांगत नाही. १:५०००० च्या नकाशावर १ सेमी म्हणजे अर्धा किमी, मग १ चौसेमी म्हणजे? पाव चौकिमी. अर्धा म्हणणारी मोठी माणसं पण मी पाहिलीयेत.

राहिला तासांचा प्रश्न. चौकटीच्या कागदावर २ बाय २ चा चौरस काढायचा, फॅक्टर दीड, झाला ३ बाय ३, घरं मोजायची, ४ ची ९ झाली. वर्गात आधी दीडपट विरुद्ध दुप्पट असा वाद होतो, मग कोणीतरी ९ ला ४ ने भागतं, सव्वादोन येतं, आणि मग मागून कोणीतरी ओरडतं की दीड गुणिले दीड! याला एक अख्खा तास जातो आणि तो मी दर वर्षी देते.