प्रत्येक बंदरात हेलिकॉप्टर उभं केलं, तर ते उडवणार कोण?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या आमच्या तिन्ही ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय. "अमेरिकेची 24 हेलिकॉप्टरं आली, कोकणाला एकही नाही. वैमानिक आहेतच, आठवड्यात नवं मशीन शिकवा, प्रत्येक बंदरात एकेक उभं करा. एकही खलाशी बुडणार नाही." राग समजतो. मजकूर मात्र वाक्यागणिक घसरलाय.

ही 24 म्हणजे नौदलाची एमएच-60आर, 'रोमिओ'. करार फेब्रुवारी 2020 चा. मुख्य काम पाणबुड्या शोधून मारण्याचं. माणसं उचलणं हे जोडकाम, आणि त्यासाठीही ती युद्धनौकांबरोबर फिरणार. पहिलं स्क्वाड्रन (म्हणजे ताफा) मार्च 2024 मध्ये कोचीला उभं राहिलं, दुसरं डिसेंबर 2025 मध्ये गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावर. दाबोळी, आपलं दाभोळ नव्हे. पण तेही कोकण किनाऱ्यावरच, तेव्हा 'एकही नाही' हे नकाशावरच खोटं ठरतं.

आता 'आठवड्यात शिकवा'. दोन वर्षांपूर्वी बचावाचा सराव एका ट्रॉलरवरून जवळून बघायला मिळाला होता. हेलिकॉप्टर डोक्यावर येऊन थांबलं आणि पंख्याच्या वाऱ्याने मासळीचे रिकामे ट्रे उडून थेट पाण्यात गेले. वरून दोरखंड सुटला. एक पोरगा हुक धरायला धावला, तर तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, त्याची कॉलर धरून मागे ओढला. उडताना हेलिकॉप्टरच्या अंगात स्थिर वीज साठते. हुक आधी पाण्याला किंवा लोखंडाला टेकवायचा, मगच हात लावायचा. नाहीतर असा झटका बसतो की माणूस आडवा.

वर बसलेल्या वैमानिकाला खालचा माणूस दिसतच नाही. दारात आडवा पडलेला विंच-ऑपरेटर, म्हणजे दोर सोडणारा-ओढणारा, बोलतो, "पुढे पाच... तीन... थांब," आणि त्या शब्दांवर मशीन हलतं. खाली लाटेवर डोलकाठी झोकांड्या खातेय. हेच रात्री करायचं तर क्षितिजच नसतं, वर काळं, खाली काळं. आपण स्थिर आहोत की सरकतोय हे डोळ्याला कळत नाही. हे आठवड्यात येत नाही. शिवाय वैमानिक दोन, विंच-ऑपरेटर एक, पाण्यात उतरणारा डायव्हर एक. चौघांना एकत्र तयार करावं लागतं, आणि सराव सुटला की हात गंजतो.

नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजाली तळावर तयार होतात. रोमिओची पहिली तुकडी अमेरिकेत शिकली. पहिली दोन मशीनं जुलै 2021 मध्ये ताब्यात आली आणि त्यानंतर स्क्वाड्रन उभं राहायला पावणेतीन वर्षं लागली. कोचीत तर पाण्यात बुडवायचा पिंजराच आहे. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं की इंजिनाच्या वजनाने उलटं होतं, म्हणून त्यातून बाहेर पडायचं तिथे शिकवतात.

'प्रत्येक बंदरात एक' हे देवगडच्या हापूसची पेटी वाटण्यासारखं झालं. खाऱ्या हवेत उडून आलं की इंजिन गोड्या पाण्याने धुवावं लागतं. एक कायम तयार हवं तर साधारण तीन लागतात: एक दुरुस्तीत, एक सरावात, एक तयारीत. हर्णै, जयगड, नाटे, देवगड, मालवण... करा बेरीज. शिवाय 5 जानेवारी 2025 ला पोरबंदरला 'ध्रुव' हे देशी हेलिकॉप्टर कोसळलं, तटरक्षक दलाचे तिघे गेले आणि देशातली सगळी ध्रुव जमिनीवर बसवली. तेव्हा बंदराबंदरात ध्रुव उभी असती, तर सगळी बंदरं एकदम रिकामी पडली असती.

'एकही बुडणार नाही' याला उत्तर 17 मे 2021 च्या रात्रीचं. तौक्ते वादळात पी-305 ही कामगारांच्या मुक्कामाची बार्ज (सपाट तराफा) बुडाली, वर 261 माणसं. त्या रात्री काळोखात आणि लाटांत माणसं ओढून घेतली ती जहाजांनी, आयएनएस कोची ही युद्धनौका पुढे होती. हेलिकॉप्टरं दुसऱ्या दिवशी शोधाला लागली. त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली आणि तळियेवर दरड, तेव्हाही हवामानाने हेलिकॉप्टरं अडवली होती.

मुंबईहून रत्नागिरी हवेतून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तासाभराची वाट. आपलं पाणी गार नाही, अंगावर लाइफ जॅकेट असेल तर माणूस तेवढा तास काढतो. आणि जॅकेटं कुठे असतात? केबिनच्या टपावर, दोरीने बांधलेली. (आमच्या होडीवर दोन तर उशीला होती.) 1554 हा तटरक्षक दलाचा नंबर किती खलाशांच्या फोनमध्ये आहे, तेही एकदा ग्रुपवर विचारा.

मागायचंच असेल तर नेमकं मागा. तटरक्षक दलाचा विमानतळ रत्नागिरीतच आहे. 31 जुलैला मासेमारीबंदी संपते, 1 ऑगस्टला होड्या सुटतात आणि दर्या तेव्हा शांत झालेला नसतो. ऑगस्ट-सप्टेंबर हे दोन महिने तिथे रात्री उडू शकणारा एक चमू, दोन मशीनं आणि त्यांचे मेकॅनिक तयार ठेवा, असं निवेदन लिहा. सही करायला मी येतो.