'कैद्यांना कसले हक्क?' वाल्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय, 'जेलमध्ये गुन्हेगारांचे लाड चाललेत, आपल्या टॅक्सवर फुकट वकील, हक्क हवे होते तर गुन्हा कशाला केला.' खाली टाळ्यांचे इमोजी. बरं, एकेक बघू.

गुन्हेगार? एनसीआरबीचा, म्हणजे सरकारच्या गुन्हे नोंद ब्युरोचा, २०२२चा आकडा बघा, देशातल्या जेलांमधले ७५ टक्क्यांहून जास्त लोक अंडरट्रायल, म्हणजे निकालच लागलेला नाही, आणि काही तर जामीन मंजूर होऊनही पैसे नाहीत म्हणून आत.

लाड म्हणाल तर मुंबईच्या आर्थर रोड जेलची क्षमता हजाराच्याही आत आणि वर्षानुवर्षं त्याच्या दुप्पट तिप्पट माणसं कोंबलेली, झोपायला मिळते ती जागा लोकलच्या चौथ्या सीटएवढी. २०२० मध्ये तळोजा जेलमध्ये पार्किन्सन्स (हात थरथरण्याचा आजार) असलेल्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना, आदिवासींसाठी काम करणाऱ्या पाद्रींना, पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. हे लाड!

फुकट वकील मात्र खरंय. १९८७च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता वकील. पण त्याच कलमात बायका, मुलं, एससी-एसटी पण आहेत, म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अर्ध्या घरांना तो लागू आहे, कुणी वाचलंय का?

राहिलं 'हक्क कसले'. साठच्या दशकात मुंबईच्या जेलमध्ये स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना डांबलेल्या प्रभाकर संझगिरींनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकार ते बाहेर पाठवू देईना, हायकोर्टाने परवानगी दिली, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही हरलं. पुढे दिल्लीच्या तिहार जेलमधल्या सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या कैद्याला झालेल्या मारहाणीबद्दल नुसतं पत्र लिहिलं तर कोर्टाने तीच याचिका धरली. आणि १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसेंच्या पत्रावरून मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांसाठी आदेश निघाले, वेगळं लॉकअप, महिला पोलीस, अटक झाली की लगेच लीगल एडला (मोफत वकील देणाऱ्या समितीला) कळवायचं. कोर्टाने कैद दिली म्हणजे मारहाण, उपाशी ठेवणं, औषध न देणं हे पण दिलं असं होत नाही ना.

तर कुणाचं माणूस आत असेल आणि औषध मिळत नसेल, मार पडत असेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा नाहीतर सरळ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. तक्रार लेखी द्या, तारीख टाका, पोच घ्या, आणि पुढच्या तारखेला जजसमोर वकिलाला ते तोंडी पण मांडायला लावा.